भेंडवळचा घट आणि यंत्राचं जर-तर

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटाभोवती 18 धान्यं मांडतात. दुसऱ्या पहाटे कोणतं धान्य सरकलं, यावरून पिकांचं भाकीत सांगतात. सांगणाऱ्याकडे असतात 'जर असं, तर तसं' असे नियम.

1970च्या दशकातल्या स्टॅनफर्डच्या 'मायसिन' या संगणकप्रणालीची घडणही अशीच. तज्ज्ञ डॉक्टरांकडून खोदून काढलेले शेकडो नियम तिच्यात भरले होते. रक्तातल्या संसर्गाचा रुग्ण आला की ती उलटी चाले: अमुक जंतू असेल, तर कोणत्या खुणा हव्यात? तेवढंच विचारी. 'हे का विचारतेस?' म्हटलं, की नियमच दाखवी.

धान्यावरून पीक कळतं, हे मला पटत नाही. मायसिनचा सल्ला मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्यांत मिसळून, नावं झाकून तपासला गेला. तो त्यांच्या तोडीचा निघाला.