मुक्या चित्रांचे कथाकार : दादासाहेब फाळके

चित्रपट म्हटला म्हणजे नट, गायन व देखावे यांजकडेच आपलें लक्ष प्रथम जातें. परंतु पडद्यावर जें दिसतें, तें त्यापूर्वीं कोणा तरी लेखकाच्या मनांत दिसलेलें असावें लागतें. ह्या लेखकाचें कार्य समजून घेण्यास धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचें चरित्र फार उपयोगी आहे; कारण कथेच्या मांडणीपासून फीत धुण्यापर्यंत बहुतेक कामें ते स्वतःच पाहात.

दादासाहेबांचा जन्म ता. ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचें कलाभवन येथें त्यांनीं चित्रकला व छायाचित्रण यांचें शिक्षण घेतलें. सुमारें १९११ सालीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहतांना, आपल्या पुराणकथाही पडद्यावर कां येऊं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत आला. १९१२ सालीं लंडनला जाऊन त्यांनीं ही विद्या पाहिली व यंत्रसामग्री आणिली.

भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनीं प्रथम एक छोटी फीत तयार केली. कुंडींत वाटाणा पेरून, कॅमेरा न हलवितां, ठराविक वेळानें एकेक चित्र ते घेत गेले. मूकपटाच्या काळीं दर सेकंदास साधारणतः १६ चित्रें दाखवीत. म्हणून अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत घडली, व रोप जणूं आपण होऊन उगवलें! पुढें सुमारें १९१५ सालीं, युद्धामुळें द्रव्याची अडचण असतां, त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ ही फीत केली. काडी किंचित् सरकवावी, एक चित्र घ्यावें, पुन्हा सरकवावी. एवढ्यावर निर्जीव काड्या नाचूं लागतात. आजच्या सचेतन चित्रपटाचें तत्त्व हेंच होय.

ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांस दाखविण्यांत आला. हा पट मुका होता. मधून मधून हिंदी व इंग्रजी मजकूर येई. पण ज्यास अक्षरओळख नाहीं त्यासही कथा कळली पाहिजे, ही खरी अडचण होती. म्हणून सर्वांच्या परिचयाची कथा निवडणें व प्रत्येक भाव कृतींतून दाखविणें, हा मार्ग त्यांनीं धरिला. स्त्रिया काम करण्यास तयार होईनात, तेव्हां तारामतीची भूमिका साळुंके ह्या पुरुष नटानें केली. १९१९ च्या ‘कालियामर्दन’ पटांत दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी हीच बालकृष्ण झाली.

ह्या उद्योगाचें मोल सर्व घरानें दिलें. पत्नी सरस्वतीबाई यांनीं आपले दागिने गहाण टाकूं दिले, व फितींच्या कामांतही मदत केली. परंतु बोलपटांचें युग आल्यावर मूकपटांचा काळ संपला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला, व ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या नांवाचें राष्ट्रीय पारितोषिक १९६९ पासून दिलें जातें. तें पाहण्यास ते नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, जवळा बाजारांतील कोणत्याही दुकानीं आगपेटी मिळते, आणि छायाचित्र घेणारा भ्रमणध्वनि आज पुष्कळ घरीं आहे. एका सुटीच्या दिवशीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मात्र पहिली काडी हलविण्यापूर्वीं ती कोठें व कां चालली आहे, हें कागदावर लिहून ठेवावें. लेखकाचें काम तेथूनच सुरू होतें.