आठ आणे ते पाऊण टक्का

खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली उतरले आणि मुंबईच्या गिरण्या त्याच्या जोरावर फिरू लागल्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजघरही त्या कामाला जुंपले गेले. परळ-लालबागच्या कामगार चळवळीवर एवढे लिहिले गेले, पण त्या गिरण्यांची ताकद जिथून जात होती त्या खालापूर-कर्जतचे नाव त्यात क्वचितच येते. माझे कुतूहल इथून सुरू झाले. गिरणीतला माणूस आजारी पडला तर त्याच्या रोजीचे काय, हा प्रश्न कायदेमंडळात पहिल्यांदा कोणी नेला आणि त्याला मते कशी मिळवली, याचा माग मी बरीच वर्षे काढत आलो आहे.

माग काढायचे कारण आजचे आहे. आमच्या दोन तालुक्यांत सरकारी आरोग्य विमा दोन रूपांत शेजारी-शेजारी नांदतो. खोपोलीच्या कारखान्यातला कायम कामगार म्हणतो, "आमचं ईएसआय कापतात." डोंगराखालच्या ठाकरवाडीतला किंवा कातकरवाडीतला माणूस म्हणतो, "ते पाच लाखांचं कार्ड काढायचंय." पहिल्यामागे संसदेचा कायदा आहे, दुसऱ्यामागे शासन निर्णय. आजारपणात हा फरक काय करतो, हे समजून घ्यायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या माणसापासून करू. नारायण मल्हार जोशी, म्हणजे ना. म. जोशी, १८७९ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावात जन्मले. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे म्हणून नाव ठाऊक असते, कामाची माहिती फारशी नसते. भारत सेवक समाजाचे सदस्य, १९११ च्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक, आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या उभारणीतले एक प्रमुख. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले. पुढे १९२१ पासून दोन तपांहून अधिक काळ ते केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नामनियुक्त सभासद होते. ना पक्ष, ना मतदारसंघ, ना पाठीशी मतांचा गठ्ठा. प्रश्न विचारायचे, उपसूचना मांडायच्या, विधेयक पडले की पुढच्या अधिवेशनात पुन्हा उभे राहायचे, एवढीच त्यांची साधने होती. १९२४ साली त्यांनी प्रसूतिकाळात कामगार बायकांना रजा आणि भत्ता देणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही.

१९२७ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जिनिव्हात आजारविम्याचे दोन करार केले, एक उद्योगातल्या कामगारांसाठी, दुसरा शेतमजुरांसाठी. पुढच्याच वर्षी ते दिल्लीच्या कायदेमंडळापुढे आले आणि हिंदुस्थानाने ते न स्वीकारण्याचे ठरले. त्या काळी दिली जाणारी कारणे ठरलेली होती: कामगार एका जागी टिकत नाही, पुरेसे डॉक्टर नाहीत, आकडेवारी नाही आणि आजारी पडला की तो गावाला निघून जातो.

हे शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गिरणी कामगाराचे गाव म्हणजे बहुतेक वेळा कोकण किंवा घाटावरचा एखादा तालुका. तिथे त्याची बायको भाताचे खाचर लावत होती, म्हातारी गुरे राखत होती. ताप घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी पेज पाजली आणि बरा करून पुन्हा गिरणीत धाडले. या देशातला पहिला आजारविमा कोकणातल्या बायकांनी चालवला आणि त्याचा हप्ता त्यांनी स्वतःच्या अंगमेहनतीने भरला. सरकारने मात्र त्याच व्यवस्थेकडे बोट दाखवून विम्याची गरज नाही असे सांगितले.

दिल्लीत दार लागले तसे ते मुंबईत किलकिले झाले. रा. सं. आसवले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप तेव्हा ऐन भरात होता. हे भाषण महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे. आकाराने छोटे आहे, पण या साऱ्या शोधात माझ्या हाती लागलेला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. आंबेडकरांचे म्हणणे असे: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तसे असेल तर या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलायला हवा, हेही ते मान्य करतात. पण सरकार आज तो उचलत नाही म्हणून विधेयक अडवायचे, हे त्यांना मंजूर नाही. जो मालक त्या बाईच्या श्रमाचा फायदा घेतो, त्याने तोवर भार सोसला पाहिजे.

हा युक्तिवाद नीट पाहावा. आदर्श व्यवस्था कोणती हे ते स्पष्ट सांगतात आणि तिच्या नावाखाली आजची मिळकत सोडत नाहीत. कायदेमंडळात पाठिंबा उभा करण्याची ही रीत होती. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती भत्ता कायदा झाला, देशातला पहिला. रोजचे आठ आणे.

त्या आठ आण्यांत एक दोष होता. पैसे प्रत्येक मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे होते. ज्या गिरणीत बायका जास्त, तिचा खर्च जास्त. सोपी पळवाट अशी की बायका कमी ठेवायच्या, किंवा दिवस गेल्याचे कळताच कामावरून काढायच्या. पुढच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत बायकांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरची बंदी आणि यंत्रांची फेरमांडणी ही कारणेही त्यामागे होतीच, पण मालकागणिक जबाबदारी टाकणाऱ्या कायद्याने बाईला महाग केले, हेही खरे. उत्तर एकच होते: सगळ्या मालकांचा आणि कामगारांचा पैसा एका निधीत जमा करायचा, म्हणजे कोणाकडे किती बायका आणि किती आजारी याने मालकाचा खर्च बदलत नाही. विम्याचे मर्म हेच.

मधला काळ समित्या, आयोग आणि परिषदांचा आहे. तो सोडून थेट मार्च १९४३ मध्ये येतो. लंडनमध्ये सामाजिक विम्याचा बेव्हरिज अहवाल निघून तीनच महिने झाले होते. दिल्लीत मजूर खाते आंबेडकरांकडे होते. सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला प्रा. बी. पी. अडारकर यांना नेमले. अलाहाबाद विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा, चलननीतीवर पुस्तक लिहिलेला हा मराठी माणूस. त्यांचा अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला. लोकांनी त्यांना 'छोटा बेव्हरिज' म्हटले. महाराष्ट्राने त्यांना जवळपास विसरूनच टाकले आहे.

अडारकरांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. योजना सक्तीची हवी, वर्गणीवर चालणारी हवी, समजायला सोपी हवी, खर्चाला झेपणारी हवी आणि तंटे कमीत कमी व्हावेत अशी हवी. सुरुवात त्यांनी कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपुरती सुचवली. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाचे मॉरिस स्टॅक आणि आर. राव यांनी ती तपासली. कामावरचा अपघात आणि बाळंतपण त्यांनी याच विम्यात आणले आणि बारमाही चालणारे सगळे कारखाने आत घेतले. नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयक मांडले गेले, तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला, खोपोलीचा कामगार ज्याला ईएसआय म्हणतो तो.

पण कागदावरचा कायदा दवाखान्यापर्यंत जाईना. तो भागाभागाने लागू व्हायचा होता आणि ज्या शहरात तो आधी येईल तिथला मालक म्हणत होता की वर्गणी मी भरायची आणि शेजारच्या शहरातला माझा स्पर्धक मोकळा राहणार. ही तक्रार खोटी नव्हती. १९५१ च्या दुरुस्तीने तिच्यावर तोडगा काढला. वर्गणी देशभरच्या मालकांवर बसवली: योजना सुरू झालेल्या भागात पगारखर्चाच्या सव्वा टक्का, न झालेल्या भागात पाऊण टक्का. आपल्या गावात दवाखाना नसलेला मालकही त्याचे पैसे भरू लागला. साहजिकच दवाखाना लवकर यावा ही त्याचीही गरज झाली. विरोधकाला पाठीराखा करणारी अशी तरतूद मी क्वचितच पाहिली आहे. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये मुंबईत आली.

आजचा हिशेब मांडू. महिना १५,००० रुपये पगाराच्या कामगाराचे पाऊण टक्क्याने ११२ रुपये ५० पैसे कापले जातात. मालक सव्वातीन टक्क्याने ४८७ रुपये ५० पैसे भरतो. महिन्याला ६०० रुपये. त्यात त्याला, बायकोमुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार मिळतात, साध्या खोकल्याच्या औषधापासून ऑपरेशनपर्यंत. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजीच्या ७० टक्के पैसे मिळतात. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार. १९४८ च्या कायद्याचे ७३ वे कलम तर असे होते की आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाने कामगाराला काढता कामा नये. तंटा झाला तर कामगार विमा न्यायालय आहे. आता ही व्यवस्था २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

या व्यवस्थेच्या उणिवा कामगार रोज भोगतो. पगार २१,००० च्या वर गेला की तो बाहेर पडतो आणि ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून आहे तिथेच आहे. कंत्राटदार नोंद करत नाही, म्हणून एकाच शेडमध्ये काम करणाऱ्या दोघांपैकी एकाकडे कार्ड असते आणि दुसऱ्याकडे नसते. तरीही त्या दुसऱ्याला भांडायला कलम आहे. ते त्याला नाकारता येत नाही.

आता दुसरे रूप. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड, वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंत खर्च, ९७२ उपचारांची यादी. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि २०२४ मध्ये पाच लाखांची होऊन सर्व कुटुंबांना खुली झाली. तिने जीव वाचवले आहेत. हृदयाचे ऑपरेशन पदरमोड न करता झालेली माणसे आमच्या गावागावांत आहेत आणि त्यांच्यासमोर या योजनेला कमी लेखण्याचे धाडस कोणी करू नये.

पण तिचा आधार शासन निर्णय आहे. नाव, रक्कम, यादी, विमा कंपनी, सगळे मंत्रालयातून बदलते. त्यासाठी सभागृहात मत मागावे लागत नाही. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा कशेळे-चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून पेशंट पुढे पनवेलला, मुंबईला पाठवला जातो, तेव्हा तिथल्या काउंटरवर योजनेचा आरोग्यमित्र यादी पाहतो. यादीत बसले तर मंजुरी, नाही बसले तर नातेवाईक पैशाची जुळवाजुळव करायला परत गाडी पकडतात. आणि यादी भरती झाल्यानंतरची आहे. दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बाईला ताप, खोकला, रक्तक्षय, बुडालेली रोजी हे सोसावे लागते; यादी तिथे पोचत नाही. भट्टी हंगामी, म्हणून कामगार विमाही तिच्यापर्यंत पोचत नाही. १९२७ साली शेतमजुरांसाठी वेगळा करार लिहिला गेला, कारण कारखान्याच्या फाटकाबाहेरचा माणूस सुटणार हे तेव्हाच कळले होते.

मालक ठरत नाही, काम फिरते, मग वर्गणी कोणाकडून घ्यायची, असे विचारले जाते. महाराष्ट्राने याची उत्तरे स्वतःच दिली आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली, माल उतरवून घेणाऱ्याकडून लेव्ही घेतली आणि रोज वेगळ्या गाळ्यावर राबणाऱ्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना मिळवून दिला. वि. स. पागे यांची रोजगार हमीही आधी योजनाच होती. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून काम मागणे हा हक्क झाला. शहरातल्या पगारदारावर कर बसवून खेड्यातल्या मजुराची हमी उभी करायला शहरी आमदारांनीही मत दिले. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेण्याची कायदेशीर तरतूद १९९६ पासून आहेच. कर्जत-नेरळच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या इमारती आणि फार्महाउस पाहिल्यावर त्या टक्क्याचे मोल वेगळे सांगायला नको. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. डॉक्टर संपावर गेले, सरकारने वाटाघाटी केल्या, पण सभागृहाने मत दिले.

आपल्याकडे आज पाच लाखांची रक्कम आहे, मंजुरीची यंत्रणा आहे, बारा वर्षांहून अधिक अनुभव आहे. नाही तो कायदा. तो कसा असावा हे जुन्या कागदांतच लिहिलेले आहे: वेगळा निधी, ओपीडीची औषधे, आजारपणातली रोजी, काढून टाकण्यापासून संरक्षण आणि नकार मिळाला तर दाद मागायला न्यायालय. भट्टी-मालक, बिल्डर, रिसॉर्ट चालवणारे विरोध करतील. त्यांना १९५१ चे उत्तर द्यावे: वर्गणी सगळ्यांवर सारखी बसवा, म्हणजे कोणाचा धंदा शेजाऱ्यापुढे मार खाणार नाही. निधी कमी पडेल असे वित्त खाते म्हणेल. त्याला १९२८ चे उत्तर द्यावे: सरकारचा वाटा मोठा असायलाच हवा, पण तो येईपर्यंत जो श्रम विकत घेतो त्याने भरावे. ना. म. जोशींकडे एकही मतदार नव्हता. कर्जत-खालापूरच्या आमदारापाशी दोन तालुक्यांची मते आहेत आणि त्याच्याकडे विधेयक मागण्याचा अधिकार त्या मतदारांचा आहे. पुढच्या प्रचारसभेत कार्ड कधी मिळणार हे विचारण्याआधी कायदा कधी मांडणार, हे विचारले पाहिजे.