आधी आईला बसवून बघा

आमच्या जुन्या हॅचबॅकला १५ वर्षं झाली, रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली. फिटनेस करून ५ वर्षं वाढवता आली असती. पण सीट खाली, आईचे गुडघे दुखतात. उतरताना तिला माझा हात लागायचा. म्हणून कॉम्पॅक्ट एसयूव्ही.

आता कॉम्पॅक्ट म्हणजे किती? लांबी ४ मीटरच्या आत. शिवाय इंजिन पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. नाहीतर थेट ४०! म्हणून आधी हे आकडे विचारा, मग भारत एनकॅपचे स्टार. सनरूफ सगळ्यात शेवटी.

टेस्ट ड्राइव्हला आईला नेलं. तिसऱ्या गाडीतून ती माझा हात न धरता उतरली. तीच बुक केली.