लगागा लगागा आणि ० १

परवा एका मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटची पार्टी होती. तिथल्या एका आयटीवाल्याच्या टी-शर्टवर लिहिलेलं : 'जगात १० प्रकारची माणसं असतात, बायनरी समजणारी आणि न समजणारी.' सगळे खिदळले. मीही हसले. उगाच! मास कॉमवाली मी. दहावीनंतर गणिताचं पुस्तक रद्दीत घालून मोकळी झालेली. पण घरी येताना रिक्षात डोकं तिथेच अडकलं. उरलेले आठ प्रकार गेले कुठे?

शेवटी लाज सोडून त्यालाच फोन केला. तो म्हणाला, "अगं, ते दहा नाहीच. ते दोन आहे."

तर बॉस, भानगड अशी आहे. आपलं एकक, दशक, शतक दहापटीने वाढतं. बायनरीतली घरं दुपटीने वाढतात : एक, दोन, चार, आठ. प्रत्येक घरात ० नाहीतर १. तेरा हवेत? आठ घ्या, चार घ्या, दोन सोडा, एक घ्या : ११०१. झालं! चालू की बंद, एवढंच ओळखायचं असल्याने मशीनला हे सोपं पडतं.

ही पद्धत नीट मांडली लाइबनित्झ या जर्मन पंडिताने, १७०३ मध्ये पॅरिसच्या अकादमीला दिलेल्या लेखात. पुढे १९३७ मध्ये क्लॉड शॅननने एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात बूलचं तर्कगणित विजेच्या स्विचेसना लावून दाखवलं.

मी थबकले ती मात्र पिंगलापाशी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'छंदःशास्त्रा'त त्याने लघु-गुरूच्या सगळ्या रचना ओळीने मांडायची रीत दिली. अक्षरं तीन, प्रत्येकाला पर्याय दोन, म्हणून गण आठ. य, म, त, र, ज, भ, न, स... अहो, हे तर मला तोंडपाठ होतं! गणिताच्या बाई वर्गाबाहेर उभं करायच्या, पण वृत्त ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घ्या : चार वेळा लगागा. लघु ०, गुरू १ : ०११०११०११०११. बारा अक्षरांच्या ४०९६ शक्यतांपैकी एक.

(आता 'कॉम्प्युटर आपणच शोधला' असं फॉरवर्ड करू नका, प्लीज. पिंगल वृत्तं मोजत होता.)

रात्री आईला फोन केला. म्हटलं, मला गणित येत होतं गं, फक्त मराठीच्या तासाला.

"मार्क अडतीसच होते," आई म्हणाली.

"बायनरीत १००११० होतात!"