हृदयाची राखण, भाग ७ : मागून घ्यावी लागणारी रक्ततपासणी

परभणी जिल्ह्यात गावोगावी होणाऱ्या असंसर्गजन्य आजारांच्या पाहणीत तिशीपुढच्या माणसाचा रक्तदाब घेतात, बोटाला टोचून साखर पाहतात आणि आशाताई टेपने कंबर मोजतात. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या वर कंबर गेली, की धोक्याचे गुण पडतात. रक्तातली चरबी या पहिल्या फेरीत मोजली जात नाही. ती डॉक्टरांकडे मागून घ्यावी लागते.

अंगाने बारीक माणसाला तर ही तपासणी सहसा कुणी सुचवतही नाही, आणि घात तिथेच होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. वरून सडपातळ दिसणारा आपल्याकडचा माणूस आतून तसा असेलच असे नाही.

मागायची पहिली तपासणी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचे मोजमाप. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ च्या मार्गदर्शिकेत ती अठराव्या वर्षीच एकदा करावी असे सांगितले आहे. तिच्यासाठी उपाशी राहण्याची सक्ती आता नाही. पालम-जिंतूरकडून पहिल्या एसटीने रिकाम्या पोटी निघायची गरज उपाशीपोटीच्या साखरेपुरती, किंवा ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी ४०० च्या वर आली तर फेरतपासणीपुरती उरते.

रिपोर्ट हातात आला, की बहुतेकांची नजर एकूण कोलेस्ट्रॉलवर जाते. समजा, ते १९० आहे, एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्ट्रॉल ३५ आणि ट्रायग्लिसराइड ३००. अनेक लॅब एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, प्रत्यक्ष मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात : १९० मधून ३५ गेले, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा म्हणजे ६० गेले, उरले ९५. शंभराच्या आत, म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' समजला जातो. पण एकूणातून फक्त एचडीएल वजा केले तर १५५ उरतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीत साचणारी सगळी चरबी त्यात येते. धोका कमी असलेल्या माणसातही हा आकडा १३० च्या आत हवा. कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडी भारतीयांत वारंवार आढळते, म्हणून ही वजाबाकी प्रत्येकाने रिपोर्टच्या कोपऱ्यात करून पाहावी.

दुसरी तपासणी एलपी-ए या चरबीकणाची. तो बव्हंशी आईबापांकडून येतो, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही, आणि साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. सुमारे चौथ्या हिश्शाच्या भारतीयांत तो वाढलेला असतो. आयुष्यात एकदा मोजला तरी पुरे. ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर डॉक्टर एलडीएलबाबत अधिक कडक होतात.

तिसरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ५.७ पासून मधुमेहाची पूर्वावस्था, ६.५ पासून मधुमेह. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा चढू शकतो. पांढरी पडलेली बाई असेल तर सोबत हिमोग्लोबिन पाहिलेच पाहिजे. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही याच वेळी घेतलेल्या रक्तातून होते.

'सगळ्या तपासण्या लिहून द्या' म्हटल्याने यातले नेमके मिळेलच असे नाही. घराचा इतिहास सांगावा : वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने गेली का. 'गॅस छातीत चढला अन् गेले' असे घरात ज्याच्याबद्दल बोलतात, तेही मरण हृदयाचे असू शकते, तेही सांगावे. तंबाखू आणि विडीही लपवू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या निःशुल्क आहेत. लिपिड प्रोफाइल तिथेच होईल का, हे आधी विचारावे.

छातीत दाब येऊन घाम सुटला, तर मात्र यातली एकही तपासणी त्या वेळी कामाची नाही. तेव्हा १०८ ला फोन, लगेच ईसीजी आणि ट्रोपोनिन ही हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी. झटक्याच्या पहिल्या काही तासांत ट्रोपोनिन नॉर्मलही येते, म्हणून ते काही वेळाने पुन्हा करतात. तोवर रुग्णाला घरी नेऊ नये.