पाठकोरा कागद, बोरू आणि हाताने शिवलेली वही

वाढदिवसाला भेट मिळालेली जाड कव्हराची, गुळगुळीत पानांची वही बहुतेक घरांत कपाटात कोरीच पडलेली असते. "एवढी छान वही आहे, खराब करू नकोस हं," हे वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो आणि मूल ते मनावर घेतं. मग ते लिहितं कशावर? वर्तमानपत्राच्या कडेला, रफ वहीच्या शेवटच्या पानावर, बसच्या तिकिटामागे. तिथे चित्रं सापडतात, मित्राला लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडतात, क्वचित एखादी कविताही. शाळेच्या वहीत मात्र फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं असतं. पाचवी-सहावीपर्यंत बऱ्याच मुलांचं स्वतःचं असं लिहिणं बंद पडतं, आणि ते कधी बंद पडलं हे आपल्याला कळतही नाही.

सुंदर कागद, चांगलं पेन, वळणदार अक्षर यांतून लिहिण्याची प्रेरणा मिळते असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण त्याला एक अट आहे असं मला वर्गात वारंवार दिसलं. विकत आणून हातात ठेवलेली सुंदर वस्तू मुलाला घाबरवते. तीच वस्तू त्याने स्वतः बनवली, तिच्याशी थोडी झटापट केली, की तिच्यावर काय लिहायचं हे त्याला सुचायला लागतं. म्हणून स्टेशनरीच्या दुकानात जाण्याआधी आपण रद्दीच्या गठ्ठ्याकडे जाऊ.

पाठकोरे कागद आधी लिहायला वापरायचे. दोन्ही बाजू संपल्या की त्यांचे बारीक तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी भरपूर पाणी घालून जुन्या मिक्सरमधून त्यांचा लगदा करायचा (मिक्सर मोठ्यांनीच चालवायचा). लगदा पसरट टबात ओतून आणखी पाणी घालून हाताने ढवळायचा. जुन्या फोटोफ्रेमवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली की साचा तयार होतो. साचा टबात बुडवायचा, आडवा धरून सरळ वर उचलायचा आणि पाणी निथळू द्यायचं. मग सुती कापडावर तो उलटा ठेवून मागच्या बाजूने स्पंजने पाणी टिपायचं आणि साचा अलगद उचलायचा. लगद्यावर दुसरं कापड, त्यावर पाट आणि वजन, आणि मग सावलीत वाळवणं. पावसाळ्यात हा उपक्रम घेऊ नका. कागद वाळत नाही आणि वर्गात वास सुटतो.

कागद म्हणजे मुळात एवढंच. वनस्पतीचे बारीक तंतू पाण्यात सुटे करायचे, जाळीवर पसरायचे, आणि वाळताना ते एकमेकांना घट्ट धरतात. डिंक लागत नाही. म्हणूनच ओला कागद हातात तुटतो आणि रद्दीचा पुन्हा कागद होतो.

आता खरी गंमत. मुलं उत्साहाने या कागदावर शाईने नाव लिहितात आणि अक्षराला चारी बाजूंनी मुळ्या फुटतात. कागद टीपकागदासारखा शाई पिऊन टाकतो. इथे सगळी मुलं हिरमुसतात, आणि शिकवायला हाच क्षण उत्तम असतो. तांदळाच्या पिठाची पातळ खळ करा. कागदाच्या अर्ध्या भागाला ब्रशने लावा. पूर्ण वाळल्यावर स्टीलच्या चमच्याच्या पाठीने किंवा नदीतल्या गुळगुळीत गोट्याने तेवढाच भाग घोटा. पुन्हा दोन्ही अर्ध्यांवर एकच शब्द लिहा. एकीकडे शाई पसरते, दुसरीकडे रेघ बऱ्यापैकी नेटकी बसते. खळीमुळे तंतूंमधल्या फटी बुजतात आणि घोटल्याने पृष्ठभाग सपाट होतो.

आपल्याकडचे कागद बनवणारे कारागीर शतकानुशतकं नेमकं हेच करत आले. दौलताबादजवळच्या कागजीपुरा गावाच्या नावातच हा व्यवसाय आहे. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, जुन्नरचा कागदही एके काळी नावाजलेला होता. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने ही कला नव्या काळात पुढे नेली. सहलीला तेच ते बगीचे दाखवण्यापेक्षा मुलांना एखादी अशी जागा दाखवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. शिक्षकांनी तो एकदा तरी मुळातून वाचावा. समर्थांनी त्यात उपदेशाइतकंच सामानाबद्दल लिहिलंय. बोरू, सुरी, कात्री, खळ, घोटण्याचं साधन, सगळं त्यात येतं. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजून झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, हे त्यांचं सांगणं मी वर्गात हमखास सांगते. समास आखायचा कशाला, हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात आणि "बाई म्हणतात म्हणून" यापलीकडे त्यांना उत्तर मिळालेलं नसतं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, हेही तिथे आहे. हे ऐकून सहावीचा वर्ग हसतो. चष्म्याचा नंबर वाढलेली मी मात्र हसत नाही.

हातकागदात आणखी एक गोष्ट घडते. लगदा नीट बारीक झाला नसेल तर छापील अक्षरांचे तुकडे कागदात तरंगत राहतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या कागदात "उद्या दुपा" एवढंच शिल्लक राहिलं होतं. एरवी निबंधाला चार ओळींवर न जाणारा हा मुलगा. त्याने त्या तुकड्याला धरून उद्या दुपारी गावात काय होणार आहे याची दीड पानांची गोष्ट लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. त्या मी त्या दिवशी मोजल्या नाहीत.

अक्षराकडे येऊ. सुंदर अक्षर आणि सुवाच्य अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेने मागायचं ते सुवाच्य. सुंदरतेचा नाद मुलाला लागला तर उत्तमच, पण तो कित्त्याच्या सक्तीने लागत नाही. त्यासाठी साधन बदलून पाहावं. बॉलपेनची रेघ सगळीकडे सारखीच जाड. बोरूची रेघ दिशेप्रमाणे जाड-बारीक होते, कारण त्याचं टोक सपाट आणि तिरकं छाटलेलं असतं. बोरू मिळाला नाही तर आइस्क्रीमची काडी तिरकी कापून शाईत बुडवा, काम भागतं.

इथे एक व्यवहारातली अडचण सांगते. कॅलिग्राफीची म्हणून बाजारात मिळणारी पेनं बहुधा रोमन लिपीसाठी बनवलेली असतात. रोमनमध्ये डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते, तर देवनागरीच्या पारंपरिक वळणात उजवीकडून खाली डावीकडे उतरणारी. म्हणून देवनागरीसाठी टोक उलट्या बाजूला तिरकं छाटतात. महागडा पेनसंच आणूनही "मराठी अक्षर छान येत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी आधी टोक बघायला सांगते. इंग्रजी लिहिणाऱ्या डावखुऱ्यांसाठी म्हणून जी तिरकी निब विकतात, ती देवनागरीला चालून जाते. वर्गातल्या डावखुऱ्या मुलांना हे जरूर सांगा, त्यांना लिहिण्याबाबत कौतुक तसं कमीच ऐकायला मिळतं.

मोठ्या मुलांना मोडी दाखवावी. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जात. बोरू पुन्हा पुन्हा उचलावा लागू नये, लिहिणं भरभर व्हावं, ही गरज अक्षरांच्या आकारात उतरली. मुलांना चार मोडी अक्षरं शिकवा, लगेच वर्गात गुप्त चिठ्ठ्या फिरू लागतात. फिरू द्याव्यात.

संविधान दिनाला उद्देशिका वाचून घेताना आणखी एक गोष्ट सांगता येते. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत हाताने लिहिलेली आहे. ती प्रेम बिहारी नारायण रायझादा यांनी लिहिली, आणि तिच्या पानांची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनमधल्या सहकाऱ्यांनी केली. उद्देशिकेचं एकच वाक्य बोरूने लिहून बघा म्हटलं, की मुलं ते वाक्य पहिल्यांदा शब्दाशब्दाने वाचतात.

वही शिवणं सगळ्यांत सोपं. चार ए-फोर कागद एकत्र मधोमध दुमडले की सोळा पानी वही होते. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची. मधल्या भोकातून आतल्या बाजूने सुई बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि मधल्या लांब टाक्याला धरून गाठ मारायची. दोऱ्यावर आधी मेणबत्ती घासली तर तो गुंतत नाही. कव्हराला जुनी लग्नपत्रिका घ्या. आपल्या घरात येणारा सगळ्यांत उंची कागद तोच, आणि तो रद्दीत जातो.

घडी कधी मऊ बसते, कधी कडक होऊन कागद तडकतो. यंत्रावर कागद बनताना बरेचसे तंतू एकाच दिशेला वळतात, त्या दिशेने घडी सहज पडते. वर्तमानपत्र उभं आणि आडवं फाडून पाहा. एकीकडे सरळ फाटतं, दुसरीकडे वेडंवाकडं. हातकागदात असा कल फारसा नसतो. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग पाच मिनिटांत होतो.

वही तयार झाली की पहिलं पान मुद्दाम खराब करायचं. शाईचे ठसे, रेघोट्या, पेन चालतंय का ते पाहण्याचे गोल, काहीही. भीती तिथेच संपते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद एका पानावर चिकटवला आणि त्यावर साबणाच्या पाण्याने काडीने लिहिलं, तर अक्षरं लाल उमटतात. त्या पानावर मुलं हमखास काहीतरी गुपित लिहितात. या वहीला लाल पेन लावायचं नाही, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. "मग परीक्षेत याचा उपयोग काय?" असं पालकसभेत विचारलं जातं. मी दिवाळीआधीचं आणि वार्षिक परीक्षेआधीचं असं एकेक पान त्यांच्यासमोर ठेवते, मुलाच्या परवानगीने. ओळी त्यांच्या त्यांनी मोजाव्यात.

पोस्टकार्ड आजही ५० पैशांत मिळतं. जागा थोडी, झाकायला पाकीट नाही, वाटेत कुणीही वाचू शकतं. एवढ्यात काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवताना मुलं जितका विचार करतात, तितका ती निबंधाला करत नाहीत. ते आजीला किंवा गावाकडच्या मामाला पाठवावं आणि उत्तर हातानेच लिहून यावं, असं त्यांना फोन करून आधीच सांगून ठेवावं.

लग्नसराई सुरू झाली की पत्रिका येतील. त्या, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे आणि आइस्क्रीमच्या काड्या धुऊन वाळवून एका पिशवीत साठवायला सांगा. चाळीस मुलांच्या वर्गाला महिन्याभरात पुरेसं सामान जमतं.