बटाट्याच्या कापावर जंतू वाढवायला शिकवणारे पुस्तक

एडगर मार्च क्रुकशँक यांचे जंतुशास्त्रावरील पाठ्यपुस्तक १८८६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. सर्जन जोसेफ लिस्टर यांच्या या शिष्याने बर्लिनला जाऊन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांची पद्धत प्रत्यक्ष पाहिली, लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रयोगशाळा काढली आणि तीच पद्धत इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहून काढली.

पुस्तकाची खरी थोरवी हातच्या कामात आहे. काचेची भांडी निर्जंतुक कशी करायची, उकडलेला बटाटा कापून त्यावर जंतूंची वाढ कशी घ्यायची, क्षयरोग्याच्या थुंकीतले जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली कसे ओळखायचे, हे त्यात रंगीत चित्रांसह येते. इतका खटाटोप करायचा, कारण रोग्याच्या शरीरातून घेतलेल्या नमुन्यात अनेक जंतू मिसळलेले असतात. हवा तो एकटा वाढवता आला, तरच रोगाचा दोष त्याच्यावर ठेवता येतो.

त्या काळी जंतू वाढवायला जिलेटिन फार वापरत. ते पंचविशीच्या आसपासच्या तापमानालाच पातळ होऊ लागते. गोंदियाचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो; तिथे ते थिजलेच नसते. समुद्री शेवाळापासून केलेले आगर मात्र शरीराच्या उष्णतेलाही घट्ट राहते. म्हणून गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह सगळीकडे आज आगरच चालते.

क्रुकशँक यांची सगळीच मते टिकली नाहीत. जेन्नर यांच्या देवीच्या लशीवर त्यांनी १८८९ मध्ये कडाडून टीका केली. लस पुढे लाखो जीव वाचवून गेली; क्रुकशँक यांनी शिकवलेली कामाची शिस्तही टिकली.

पुस्तकाची चौथी आवृत्ती १८९६ ची. त्याच वर्षी सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. लस करायची तर आधी जंतू वाढवायला हवेत, म्हणून मांसाच्या रश्शावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. थेंबांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढले. चंबू हलवला की ती वाढ तळाशी बसे आणि वर नवी धरे. काही आठवड्यांनी हे द्रावण तापवून जंतू मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.